खाल्ल्या मिठाचे नाव

आपल्या भाषेत माणूस खाल्ल्या मिठाला जागतो. खाल्ल्या सोडियम क्लोराइडला जागलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही. वस्तू एकच, तेच पांढरे खडे, तीच चव. पण एक नाव उच्चारले की कोणाचे तरी घर, कोणी तरी वाढलेले ताट, उपकार आणि बेइमानी असा सगळा संसार डोळ्यांपुढे उभा राहतो; दुसरे उच्चारले की फळीवरची एक बाटली दिसते आणि तिच्यावर डकवलेली चिठ्ठी. त्या वस्तूचे आपल्याशी काय नाते आहे ते पहिले नाव सांगते, ती कशाची झाली आहे ते दुसरे. यांतले खरे नाव कोणते, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे. विज्ञानाचे माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मी मराठी शिकवतो, घरी कादंबऱ्या लिहितो, आणि विज्ञान शिकवणारे माणूस कमी पडले की आठवीच्या वर्गावर मूलद्रव्ये आणि संयुगेही शिकवतो. तेव्हा रसायनशास्त्राकडे मी शेजारच्या बिऱ्हाडाकडे पाहावे तसा पाहतो. आत काय चालले आहे ते सगळे कळत नाही, पण कान तिकडे असतो.

दिवाळीच्या आधी कोणत्याही स्वयंपाकघरातली फळी पाहावी. पापडखार, तुरटी, खाण्याचा सोडा. काष्ठौषधीच्या दुकानात गेले तर नवसागर, टाकणखार, हिराकस, मोरचूद. पापडखारात पापड नाही आणि नवसागरात सागर नाही, तरी ही नावे ऐकून आपण फसवले गेलो असे कोणाला वाटत नाही. मोरचूद म्हटले की मोराच्या गळ्याचा निळा रंग दिसतो. आणि ज्यांनी गिरगावातल्या चाळीच्या अंगणात कल्हईवाला बसलेला पाहिला आहे, त्यांच्या नाकाला नवसागर हे नाव ऐकताच तो धूर अजून झोंबतो. तापलेल्या पातेल्यात चिमूटभर पूड, मग कथलाचा तुकडा, मग कापसाचा बोळा गरकन फिरला की काळ्या पातेल्यात चांदणे पडायचे. शास्त्र त्या पुडीला अमोनियम क्लोराइड म्हणते. त्या नावात धूर नाही, चांदणे नाही. आत काय काय आहे त्याची नुसती यादी आहे.

पण यादीला हसू नये. पाऱ्याची क्लोरिनशी दोन संयुगे होतात. एकाचे नाव मर्क्युरस क्लोराइड, दुसऱ्याचे मर्क्युरिक क्लोराइड. दोन्ही पांढरी. पहिले विसाव्या शतकातही डॉक्टर मंडळी जुलाबासाठी देत. दात येणाऱ्या तान्ह्या मुलांच्या पुडीतसुद्धा ते असे. तेही निर्धोक नव्हते हे पुढे कळले, ती गोष्ट वेगळी. दुसरे मात्र जहाल विष. थोडे पोटात गेले तरी माणूस हाती लागणे कठीण. दोन नावांत फरक काय, तर एकाच्या शेवटी 'रस' आहे आणि दुसऱ्याच्या शेवटी 'रिक'. या एवढ्याशा शेपटावर एका बाळाचा जीव टांगलेला असे. आम्हा लेखकांचे एखादे अक्षर चुकले तर फार तर वृत्त मोडते, किंवा संपादक रागावतात.

अशा याद्या करण्याची शिस्त चार फ्रेंच माणसांनी १७८७ साली घालून दिली. तोवर युरोपातही 'अँटिमनीचे लोणी', 'जस्ताची फुले' अशी आपल्या मोरचुदाच्या जातीचीच नावे चालत. ज्याला जे दिसले ते त्याने ठेवले. या चौघांनी ठरवले की इथून पुढे नाव म्हणजे पदार्थाचा जबाब. त्याने आपल्यात कोण कोण आहे ते खरे खरे सांगितले पाहिजे. चौघांतला मोठा लव्हॉयझिए. त्याने एका वायूचे नाव ठेवले ऑक्सिजन, म्हणजे आम्लाला जन्म देणारा. कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतो अशी त्याची खात्री होती. १८१० साली हम्फ्री डेव्हीने दाखवून दिले की मिठापासून होणाऱ्या आम्लात ऑक्सिजनचा मागमूस नाही. आपल्या पोटात अन्न पचवते ते आम्ल हेच. दुसऱ्या एका वायूला लव्हॉयझिएने 'निर्जीव' अशा अर्थाचे नाव दिले, कारण त्यात उंदीर गुदमरतो. तो नायट्रोजन. डाळीच्या प्रत्येक दाण्यात आणि आपल्या अंगच्या प्रत्येक स्नायूत तो आहे. जबाब खरा द्या असा दंडक घालणाऱ्यानेच पहिले दोन जबाब खोटे लिहून घेतले, आणि गंमत अशी की चूक कळूनही ऑक्सिजनचे नाव कोणी बदलले नाही. ते इतक्या तोंडांत बसले होते की त्याचा अर्थ कोणाला ऐकूच येईनासा झाला होता.

या लव्हॉयझिएचा मिठाशी आणखी एक संबंध आहे, तो शाळेच्या पुस्तकात येत नाही. राजासाठी कर गोळा करणाऱ्या मक्तेदार मंडळाचा तो भागीदार होता, आणि त्या करांत सर्वांत शिव्याशाप खाल्लेला कर होता मिठावरचा. क्रांती झाली, ८ मे १७९४ रोजी इतर मक्तेदारांबरोबर त्याचेही डोके उडवण्यात आले. मिठात नेमके काय काय आहे हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही, कारण सोडियम वेगळा निघाला तो १८०७ साली. कराची आकारणी मात्र चुकत नव्हती. आणि १९३० साली मुंबईची माणसे वडाळ्याच्या मिठागरांवर चालून गेली, पोलिसांच्या लाठ्या खाऊन मूठ मूठ मीठ उचलून आली, त्यांच्याही मनात सोडियम नव्हता आणि क्लोरिन नव्हता. त्यांनी उचलले ते मीठच होते.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी विज्ञान मराठीत आणताना वेगळीच वाट धरली. ऑक्सिजनला त्यांनी प्राणवायू म्हटले. फ्रेंच माणसाने त्या वायूला 'तू काय निपजवतोस' असे विचारले. आपल्या पूर्वजांनी 'तू आमचा कोण' असे विचारले. मला विचाराल तर प्राणवायू हे नाव अधिक टिकाऊ निघाले. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांच्या दाराशी माणसे 'ऑक्सिजन आहे का' असे विचारत होती, आणि वर्तमानपत्रे 'प्राणवायू' असे छापत होती. त्या मथळ्यातल्या पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ त्या वेळी कोणाला सांगावा लागला नाही. उलट गेल्या शतकाच्या मध्यास नागपुरात बसून डॉ. रघुवीरांनी संस्कृतातून नवी नावे घडवली. सोडियमला क्षारातु, क्लोरिनला नीरजी. फार कष्टाचे आणि विलक्षण शिस्तीचे काम होते ते. पण ती नावे कोणाच्या जिभेवर बसली नाहीत. ती चूक नव्हती, ऑक्सिजनपेक्षा तर पुष्कळच बरोबर होती. पण त्यांना ना ओळखीच्या माणसाचा वास होता, ना परक्या पाहुण्याचा रुबाब.

इतके झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येतो. तो प्रश्न आठवीतल्या एका मुलीने मला जसा विचारला तसा मला मांडता आला नसता. फळ्यावर मी लिहिले होते की सोडियम हा धातू सुरीने कापता येतो, तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, पाण्यात टाकला तर पेट घेतो. त्याखाली लिहिले होते की क्लोरिन हा हिरवट पिवळा विषारी वायू आहे. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईपर गावाजवळ जर्मनांनी तोच शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. आणि त्याखाली समीकरण. मुलगी म्हणाली, "सर, मग आमटीत टाकल्यावर हे दोघे जातात कुठे?"

परळ-लालबागच्या मुलांना क्लोरिन समजावायला बेल्जियमपर्यंत जावे लागत नाही. १४ जुलै २०१० रोजी जवळच्या शिवडीत, हाजी बंदरावर, वर्षानुवर्षे बेवारस पडून राहिलेल्या सिलिंडरांतून हाच वायू गळला. शंभरावर माणसे गुदमरून रुग्णालयांत गेली. शिवडीहून हार्बर लाइनने पुढचे स्टेशन कोणते? वडाळा. एका स्टेशनावर क्लोरिनने माणसे घुसमटली आणि पुढच्या स्टेशनावर, मिठागरे चालत होती तेव्हा, त्याच क्लोरिनचे पांढरे ढीग उन्हात वाळत पडत आणि मुले त्यांवर खेळत. मधल्या एका स्टेशनात असे काय घडते? पुस्तकातले उत्तर सोपे आहे. सोडियमच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन त्याला जड होतो, क्लोरिनला एक कमी पडतो. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला, दोघे बांधले गेले. पण मुलीने विचारले ते हे नव्हते. ते दोघे आत आहेत की नाहीत, हे तिला हवे होते.

हा प्रश्न आपल्या देशात फार जुना आहे, आणि तो दिवाळीच्या पणतीवरून विचारता येतो. कच्ची पणती मातकट असते, भट्टीतून ती तांबडी होऊन निघते. मग आधीची माती कुठे गेली? वैशेषिक म्हणत की भट्टीत पणती अणूअणूंत सुटते, अणू तांबडे होतात आणि पुन्हा जुळून नवी पणती होते. नैयायिक म्हणत की छे, पणती आहे तशीच राहून सगळीच्या सगळी पालटते. याला पीलुपाक आणि पिठरपाक अशी नावे आहेत आणि यावर पंडितांनी पिढ्यान् पिढ्या रक्त आटवले आहे. कुंभाराने मात्र पणत्या भाजायचे काम थांबवल्याचे कोठे लिहिलेले नाही. मी त्या मुलीला एवढेच सांगितले की दिवाळीचा चिवडा हे मिश्रण. त्यात शेंगदाणा शेंगदाणाच राहतो, तुला तो वेचून खाता येतो. मीठ हे संयुग; त्यातून क्लोरिन वेचून दाखव पाहू. ते दोघे आहेत, पण आता ते 'ते' नाहीत. नाव त्यांचे लावतो आपण, पण त्या नावावरून चव ओळखता येत नाही. सोडियम क्लोराइड हे दोन शब्द कितीही वेळ पाहत बसा, त्यांतून खारटपणा कधी निघायचा नाही.

माणसांची नावे हीदेखील अशी यादीच असते. आपले पूर्ण नाव हे एक रेणुसूत्र आहे. स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव. त्यात आईचा पत्ताच नसे, म्हणजे यादी अर्धी खोटी होती. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही सक्तीचे केले, तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने एक राहिलेले मूलद्रव्य सूत्रात आले असे मला वाटले. आणि यादीतला शेवटचा शब्द, आडनाव, हा आपल्याकडे सर्वांत बोलका. तो ऐकला की पुढचा प्रश्न गावाचा असतो, आणि त्याच्या पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, कारण तोवर उत्तर मिळालेले असते.

लालबागच्या एका चाळीत राहणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले ते या शेवटच्या शब्दासाठी. त्यांचा मुलगा आमच्या शाळेत नववीत होता. त्यांचे वडील गिरणीत साच्यावर होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि मग साचे पुन्हा लागले नाहीत, ही त्या भागातल्या हजारो घरांची कहाणी. गृहस्थ स्वतः वीजदुरुस्तीची कामे करतात. गिरण्यांच्या जागी जे उंच मनोरे उभे राहिले त्यांतही करतात. त्यांचे म्हणणे असे की फोनवर काम ठरते, खाली फाटकावर वहीत पूर्ण नाव लिहिले जाते, आणि कधी कधी वर पोचेपर्यंत काम दुसऱ्याला दिलेले असते. दर वेळी नाही. पण कोणत्या वेळी, हे त्यांना आता फाटकावरच्या माणसाच्या डोळ्यांवरून कळते. ते आडनाव मी येथे लिहीत नाही. लिहिले तर आपल्यापैकी बरेच जण तेच करतील जे फाटकावरचा माणूस करतो, आणि सणासुदीला आपल्याला त्या कामाला का लावा?

त्यांना गावाच्या नावाला 'कर' जोडून नवे आडनाव घ्यायचे होते, मुलाचा दहावीचा अर्ज भरला जाण्यापूर्वी. त्यासाठीची रीत सरळ आहे. राजपत्रात नाव छापून यावे लागते. आजही हे काम चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाचेच. फरक एवढाच की पूर्वी तिथे खिडकीशी रांग लावावी लागे आणि आता अर्ज संगणकावर होतो. रीत विचारायला ते आलेच नव्हते. ते म्हणाले, "सर, तुम्ही पुस्तके लिहिता म्हणून विचारतो. हे खोटे बोलणे होईल का?" आणि मग जरा थांबून म्हणाले, "माझे वडील म्हणतात की होईल."

मी हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत, नाव न घेता, मांडला. आमच्या विज्ञानाच्या बाई मुळीच जुन्या विचारांच्या नाहीत. जातपात त्या मानत नाहीत. मानतात ते नेमकेपणाला. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि मला जे. जे. रुग्णालयाची आठवण दिली. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे १४ रुग्ण दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यावरचा ताण उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरीन पाजले होते. त्यात भेसळ होती डायएथिलीन ग्लायकॉलची. दोन्ही बिनरंगाची, दोन्ही दाट, दोन्ही गोड. इतकी की 'ग्लिसरीन' आणि 'ग्लायकॉल' ही दोन्ही नावेसुद्धा 'गोड' अशा अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दातून आली आहेत. एक औषध, दुसरे मूत्रपिंडे जाळणारे विष. पुढे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली तेव्हा दिसले की पिंपापासून पेल्यापर्यंत जितके हात होते तितक्या हातांनी चिठ्ठीवर विश्वास ठेवला होता किंवा ठेवल्याचे दाखवले होते. आणि हे एकदाच झाले असेही नाही. अमेरिकेत १९३७ साली याच द्रव्याने शंभरावर माणसे मारली. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधातून ते मुलांच्या पोटात गेले, आणि त्यांतली कित्येक मुले उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली गेली होती. बाई म्हणाल्या, "चिठ्ठी बदलणे हा प्रकार मला या जन्मात निरागस वाटायचा नाही."

हे बोलणे मला रात्रभर पुरले. कारण बाईंचे म्हणणे खरे होते आणि तरीही तो वीजदुरुस्ती करणारा माणूस खोटारडा आहे असे माझे मन घेईना. मग माझ्या ध्यानात आले ते असे. पिंपावरचे नाव हे एका माणसाने दुसऱ्याला दिलेले वचन आहे. खाटेवर पडलेल्या रुग्णाला पेल्यातले तपासून पाहता येत नाही. त्या नावावर विसंबण्यावाचून त्याला गत्यंतर नाही, म्हणून विसंबण्याचा त्याला हक्क आहे. तो हक्क मोडला की नाव खोटे झाले. आता फाटकावरच्या वहीत पाहा. घरमालकाला कशावर विसंबायचे आहे? या माणसाला तारा जोडता येतात की नाही, यावर. त्याचा परवाना खोटा असता तर तो त्या पिंपाचा सख्खा भाऊ ठरला असता. पण आडनावाने तारांविषयी कधीच कोणाला वचन दिलेले नव्हते. जे वचन दिलेच नाही ते मोडता कसे येईल? आडनावातून घरमालकाने जो अर्थ काढला तो त्या चिठ्ठीवर लिहिलेलाच नव्हता. तो त्याने आपल्या घरून आणला होता.

दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना सांगितले. त्या हसल्या, आणि दुसरी वस्तू त्यांनी माझ्यापुढे ठेवली. ती पहिलीपेक्षा अवघड होती. म्हणाल्या, "आमटी उतू जाऊन गॅसवर सांडली की ज्योत पिवळी होते, पाहिली आहे ना? तो मिठातला सोडियम. दिवाळीत आभाळात फुटणारा लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. संयुगात कितीही दडा; ज्योतीत धरले की मूळ मूलद्रव्य आपला रंग दाखवतेच. तेव्हा मूळ पुसले जाते असे मुलांना शिकवू नका." त्या हे रसायनशास्त्राविषयी बोलत होत्या. पण हेच वाक्य, रसायनशास्त्र वगळून, मी लग्नाच्या बैठकींत ऐकले आहे, सोसायटीच्या सभेत ऐकले आहे, चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकले आहे. शेवटी रक्त बोलतेच, असे ते वाक्य.

म्हणून ज्योतीत काय घडते ते मी नीट वाचून काढले. ज्योतीत मीठ उरत नाही. ती आच इतकी असते की सोडियम आणि क्लोरिन यांची बांधणी तुटते. सुटा झालेला सोडियम क्षणभर एकटा पडतो, तापतो, आणि तो पिवळा प्रकाश टाकतो. मिठाचे खरे रूप ते नव्हे. मीठ मोडल्यावर उरलेल्याचा तो रंग आहे. बाईंचे शास्त्र बरोबर आहे. पण ज्योतीत धरण्याचे काम कोण करतो, हा प्रश्न शास्त्र विचारत नाही, मला विचारावा लागतो. माणसाला अपमानाच्या आचेवर धरायचे, त्याने कमावलेले शिक्षण, रीतभात, शांतपणा तुटेपर्यंत धरायचे, आणि मग तो आपल्या आज्याच्या बोलीत ओरडला की शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हणायचे, बघा, रंग दिसला. माझा राग अनावर झाला की माझ्याही तोंडून माझ्या आजीच्या गावची भाषा येते. तुमच्याही येत असेल. फरक इतकाच की आपल्याला रोज कोणी फाटकावर ज्योतीत धरत नाही.

बाईंनी हे ऐकून घेतले. मग त्यांनी शेवटचे विचारले, आणि ते विचारायलाच हवे होते. आडनाव बदलले, पण शाळेच्या दाखल्यात जातीचा रकाना आहे, त्याचे काय? शिष्यवृत्तीसाठी तो तसाच ठेवणार ना? मग एका दाराने लपवायचे आणि दुसऱ्या दाराने दाखवायचे, हे कसे? मी म्हटले, रुग्णालयात केसपेपरवर जखमेची नोंद असते, ती उपचारासाठी; म्हणून जखम हे रोग्याचे नाव होत नाही, आणि ती नोंद खिशाला लावून त्याने रस्त्याने फिरावे असेही कोणी म्हणत नाही. त्यांना हे सगळे पटले असे मला वाटत नाही. त्यांनी डबा उघडला आणि मला त्यातली बाकरवडी दिली.

ज्याचे उत्तर माझ्याजवळ नाही तो आक्षेप बाईंचा नव्हता. तो त्या मुलाच्या आजोबांचा होता. मी मुद्दाम त्यांच्या खोलीवर गेलो. हे आडनाव घेऊन आपण तीस वर्षे साच्यावर उभे राहिलो, असे ते म्हणाले. खात्यात त्या नावाने आधी कोणी पाणीही देत नसे, आणि शेवटी शेवटी त्याच नावाने युनियनच्या सभेत हाक येई. ते नाव त्यांनी भट्टीत घालून भाजून काढले होते. मुलगा म्हणतो, फाटकावर मी घसरतो ते या नावावरून. बाप म्हणतो, मग फाटक बदला. नाव माझे का बदलता? वचनाचा माझा सगळा हिशेब इथे अपुरा पडला, कारण त्या नावावर विसंबून राहण्याचा हक्क कोणाला असेलच तर तो या म्हाताऱ्याला होता. मी चहा घेतला. फाटक बदलायला किती वर्षे लागतील हे मी त्यांना विचारले नाही, आणि त्यांच्या मुलाला तितकी वर्षे थांबता येणार नाही हेही बोललो नाही; ते दोन्ही त्यांना ठाऊक होते.

अर्ज गेला, राजपत्रात छापून आले. त्याची प्रत पाहून मी हजेरीपटावरच्या जुन्या आडनावावर तांबड्या शाईने एक रेघ ओढली आणि वर नवे लिहिले. खोडलेले वाचता आले पाहिजे असा आमच्या मुख्याध्यापकांचा नियम आहे, तो मी पाळला. पहिले दोन दिवस नव्या नावाने हाक मारली तेव्हा मुलगा 'हजर' म्हणाला नाही; त्याला कळलेच नव्हते की तो आपणच. तिसऱ्या दिवशी म्हणाला. चाळीतल्या खोलीच्या दारावरची पाटी आजोबांनी बदलू दिलेली नाही. पोस्टमन आता दोन्ही नावांची पत्रे त्याच दारात टाकतो.